पॉइंट नऊ

गाडी परत आली की आधी नाक आत घालायचं,
मग हात.
केप टाउनच्या विमानतळामागे, सहा नंबरच्या शेडमध्ये
बारा वर्षं माझं हेच.
लोकांची सहल मला उलटी वाचता येते,
पायपुसण्यापासून वर.

आज पांढरी टोयोटा. अकरा दिवस,
एक हजार तीनशे बारा किलोमीटर.
दोघं होती, आणि एक लहान मूल:
मागच्या सीटच्या फटीत मोजा, डावा,
टाचेला काहीतरी चिकट, आंबूस गोड.

शहर नेहमी वरवर असतं.
पार्किंगच्या चिठ्ठ्या, कॉफीचा कप,
स्टिअरिंगला कोएसिस्टरचा पाक, म्हणजे बो-कापला जाऊन आली.
माझ्यासोबत धुणारी रुवायदा तिथलीच.
म्हणते, लोक आमच्या भिंतींचे फोटो काढतात,
कडी कुणी वाजवत नाही.

शहराखाली समुद्र.
मॅट उचलली की वाळू, दोन जातींची:
एक पिठासारखी, कॅम्प्स बेची,
दुसरी शिंपल्यांचा चुरा, पेंग्विनांच्या वासासकट.
मागच्या काचेवर बबूनचा पंजा.
माझ्या जन्मदाखल्यावर आईने अंगठा दिला होता
तसा ठळक.
फडकं मारायला जरा जिवावर आलं.
व्हॅक्यूमच्या नळीतून समुद्र खडखडत जातो,
पिशवी भरली की डब्यात.

आणि अगदी बुडाशी, सीटखाली,
बूच. एका टोकाला जांभळं.
सोबत शेताचं माहितीपत्रक, गुळगुळीत:
सहा वाइन, सहा घोट,
थुंकायला चांदीचं भांडं.

माझ्या बापाला भांडं नव्हतं. पत्र्याचा पेला होता.
पहिला उजाडताना, पाचवा दिवस मावळताना,
मध्ये वेलींच्या रांगा, न संपणाऱ्या.
शनिवारी मजुरी हातात पडायची तेव्हा
पेले आधीच वजा झालेले.
आमच्याकडे पगाराला चव होती,
वजन नव्हतं.
आई म्हणायची, याचे पाय घरी येतात,
माणूस मागाहून येतो, कधी येतही नाही.

पत्रकावर हिरव्या ओळी, लांबवर कुणी पाठमोरी,
डोक्याला पिवळा रुमाल.
सोफी असेल. माझी बहीण, रॉबर्टसनला तोडणीवर असते.
किंवा दुसरीच कुणी,
रुमाल सगळ्यांना शेताकडूनच मिळतो.

छातीवर माझा बिल्ला: मेलव्हिना सप्टेंबर.
गिऱ्हाईक हसून विचारतात, वाढदिवस का?
नाही हो, मी जूनची.
सप्टेंबर म्हणजे माझ्या कुण्या खापरपणज्याला
जहाजातून उतरवला तो महिना.
नाव विचारायला उतरवणाऱ्यांना सवड नव्हती.
एवढं सगळं मी काउंटरवर सांगत नाही.
मागे रांग असते.

मोजा नाकाशी धरला.
हानेपूट. चिरडलेला मणी, सालासकट वाळलेला.
म्हणजे ते पोर रांगांमधून पळालं असणार, एका पायात बूट नसताना,
आणि कुणी त्याला ओरडलं नसणार.
आम्हाला ओरडायचे. मण्यांचा हिशेब असायचा.
सापडलेल्या वस्तू पाकिटात घालायच्या, असा नियम आहे.
घातला. वर लिहिलं: मोजा, एक.
मण्याचं लिहिलं नाही.

शेवटी ट्रिपचं बटण दाबून धरायचं,
आकडे गळून पडेपर्यंत.
मग शेडपासून पुढच्या फाटकाशी नेऊन लावायची,
नऊशे मीटर, दुसऱ्या गियरच्या वर नाही.
आज दक्षिण-पूर्वेचा वारा सुटलेला,
मी काच पूर्ण खाली घेतली,
कोपर बाहेर काढलं, ते लोक काढतात तसं.
रुवायदा पाइप हातात घेऊनच ओरडली,
कुठे निघालीस गं?
म्हटलं, रॉबर्टसनला. सोफीला काही निरोप?
सांग, म्हणाली, येताना हानेपूट आण, पाटीभर.

नवं गिऱ्हाईक किल्ली फिरवतं
तेव्हा काचेमागे शून्य नसतं,
पॉइंट नऊ असतं.
बारा वर्षांत कुणी विचारलेलं नाही.